आजी, बघू नकोस, ऐक



उन्हाळी वाळवणांचा लेख लिहिला त्यानंतर माझ्याकडून बराच काळ काहीच आलं नाही. काही जणींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत छान आहे. खरं कारण सांगायला जरा लाज वाटत होती. अख्खा चातुर्मास मी व्हिडिओ गेम शिकत होते. हो, बरोबर वाचलंत. वय वर्षं 64, शिक्षण बी.कॉम., गुडघ्याला पट्टा आणि हातात नातवाचा टॅब.

झालं असं. आषाढात सूनबाईंचा पाय घोट्यात मोडला, म्हणून मी सांगलीहून पुण्याला गेले. हे दुकानामुळे सांगलीतच राहिले. नातू सातवीत आहे. त्याच वर्षी मुलानं घर बदललं, त्यामुळे नातवाची शाळाही बदलली होती. पूर्वी सांगलीला आला की माझ्या पदराला धरून फिरणारा हा मुलगा आता संध्याकाळी पाच वाजले की खोलीचं दार लावून घ्यायचा आणि आतून गोळ्यांचा आवाज सुरू व्हायचा. धाड धाड धाड. मी बाहेर जाप करत बसलेली असायची. एका मण्याला एक गोळी, असा प्रकार.

चार दिवस गप्प बसले. पाचव्या दिवशी जेवताना राहवलं नाही. यशोधर राजाची गोष्ट काढली. तुम्हाला ती माहीतच आहे. आईच्या आग्रहाखातर राजानं देवीपुढे खरा कोंबडा मारला नाही, पिठाचा केला आणि तो कापला. तरी त्या संकल्पाचं फळ दोघांना जन्मोजन्मी भोगावं लागलं. तो मोर झाला, आई कुत्रा झाली, आणि पुढे कितीतरी फेरे. मी म्हटलं, "बघ, पिठाचाच होता ना? तुझ्या गेममधली माणसंही पिठाचीच. पण मारायचा भाव खरा असतो."

त्यानं घास तसाच ठेवला आणि म्हणाला, "मग आई रोज रात्री डासांचं मशीन लावते, ते चालतं?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. तो उठून गेला. त्यानंतर आठ दिवस आमच्यात "हो", "नाही" आणि "नको" एवढंच बोलणं. मैत्रिणींनो, आपण धर्माची गोष्ट सांगतो तेव्हा ती समोरच्याला दिव्यासारखी दाखवायची असते. मी ती काठीसारखी वापरली होती. हे कळत होतं, पण कबूल करवत नव्हतं.

नवव्या दिवशी मी त्याच्या दाराशी उभी राहून विचारलं, "असा एखादा गेम आहे का, ज्यात कोणालाच मारायचं नसतं?"

तो म्हणाला, "आहेत की. पण तुला जमणार नाहीत."

झालं. बी.कॉम.ला हिशेबशास्त्राच्या सरांनीही असंच म्हटलं होतं.

उड्या, पण तालावर

आधी हे गेम म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही त्यानं तिथूनच सुरुवात करून दिली. आपली मुलं लहान असताना टीव्हीला खोकं जोडून मारिओ खेळायची, आठवतंय? 1985 सालचा तो जपानी गेम. एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारत पुढे जायचं. अशा गेमना प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. तिथे तुम्हाला थांबता येतं, अंदाज घेता येतो. (तो मारिओ कासवांच्या पाठीवर उड्या मारायचा, म्हणून तेव्हाही मी कुरकुर केली होती.)

तालाच्या प्लॅटफॉर्म गेममध्ये उडी कधी मारायची हे गाणं सांगतं. काटे, खांब, खड्डे हे सगळं गाण्याच्या ठेक्याशी जुळवून मांडलेलं असतं. ठेका पकडला की वाट सापडते. नुसत्या डोळ्यांनी खेळायला गेलात की काट्यावर.

नातवानं माझ्यासाठी निवडला तो जॉमेट्री डॅश. रॉबर्ट टोपाला नावाच्या स्वीडनमधल्या माणसानं हा 2013 मध्ये काढला. त्यात माणूस नाही, प्राणी नाही, बंदूक नाही. एक छोटा चौकोन आहे. तो आपोआप उजवीकडे सरकत राहतो, थांबत नाही, मागे फिरत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट: बोट टेकवलं की चौकोन उडी मारतो. समोर त्रिकोणी काटे येतात. काट्याला लागला की चौकोन फुटतो आणि गाणं, रस्ता, सगळं पहिल्यापासून. बास, एवढाच खेळ.

मी मनात म्हटलं, चौकोन अजीव, काटा अजीव, कोणाशी वैर नाही. हे चालेल.

नातवानं माझा चौकोन केशरी रंगाचा करून दिला. मी चष्मा लावला, बोट वर धरलं आणि पहिल्याच काट्याला फुटले. पडद्यावर आकडा आला: अटेम्प्ट 2. मग 3. मग 4. पंधरा मिनिटांत 31 झाले. पडद्यावर वर एक पट्टी असते, किती टक्के रस्ता कापला ते दाखवणारी. माझा त्या दिवसाचा उच्चांक 9 टक्के! नातू पलंगावर लोळून हसत होता. पण आठ दिवसांनी हसत होता, म्हणून मी आणखी दोनदा फुटले.

दोरी

दुसऱ्या दिवशी तो माझ्या शेजारी बसला. थोडा वेळ बघून म्हणाला, "आजी, तू काटा बघून घाबरतेस आणि आधीच उडी मारतेस. बघू नकोस, ऐक."

त्यानं टॅब माझ्या हातातून घेतला, उलटा ठेवला आणि नुसतं गाणं लावलं. पहिल्या लेव्हलचं नाव स्टिरिओ मॅडनेस. जेमतेम दीड मिनिटाचं, यंत्रावरचं संगीत. पहिल्यांदा मला तो नुसता गोंगाट वाटला होता. पण आपल्या भजनी मंडळात मी वीस वर्षं झांज धरली आहे. दोनदा ऐकल्यावर लक्षात आलं की हा सरळ चाराचा ठेका आहे, केरव्यासारखा, फक्त लगबगीचा. मी मांडीवर टाळी द्यायला लागले. तो म्हणाला, "आता हेच बोटानं कर."

आणि मला एकदम आमच्या शाळेचं अंगण आठवलं. दोन मुली दोन टोकांना मोठी दोरी धरून फिरवायच्या आणि बाकीच्यांनी पळत आत शिरायचं. दोरीकडे बघत उभी राहणारी मुलगी कधीच आत शिरू शकायची नाही. दोरी भुईवर आपटते तो "सट्‌" आवाज ऐकायचा, आणि दुसऱ्या "सट्‌"ला आत. पाय आपोआप उचलायचे. पन्नास वर्षांनी तीच दोरी टॅबमध्ये फिरत होती.

त्या दिवशी 22 टक्क्यांपर्यंत गेले.

वहीतला हिशेब

कॉमर्सची सवय जात नाही. गेममधून बाहेर पडून पुन्हा आत आलं की प्रयत्नांचा आकडा परत 1 पासून सुरू होतो. म्हणून मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनं रकाने आखले: तारीख, प्रयत्न, सर्वांत लांब किती टक्के, कुठे फुटले. दहाएक दिवसांनी वही बघितली तर तिनं मला तीन गोष्टी सांगितल्या.

एक, माझा उच्चांक नेहमी बैठकीच्या पहिल्या दहा-बारा प्रयत्नांत येत होता. विसाच्या पुढे गेलं की आकडा घसरायचाच. तरी मी चाळीस-चाळीस वेळा खेळत होते. का? तर "आता एकदाच". म्हणजे तो सराव नव्हता, तो राग होता.

दुसरं, मी सारखी एकाच जागी अडकत होते. साधारण एक तृतीयांश वाट संपली की चौकोन एका छोट्या विमानात बसतो. तिथे नियम बदलतो. बोट टेकवून धरलं की विमान वर जातं, सोडलं की खाली येतं. मी बोट दाबूनच धरायची आणि छताला आपटायची. हे मला नातवानं नाही, दुधानं शिकवलं. दूध वर यायला लागलं की आपण गॅस एकदम बंद करत नाही, जरा बारीक, जरा मोठा, असं करत राहतो. तसं बोट टेकव-उचल, टेकव-उचल, छोटं छोटं. विमान सरळ जायला लागलं.

तिसरं जरा गमतीचं आहे. या गेममध्ये सरावाची सोय आहे. त्यात वाटेत हिरव्या खुणा ठेवता येतात. फुटलात तर पहिल्यापासून नाही, शेवटच्या खुणेपासून सुरू होतं. मी खूश. सरावात दोन दिवसांत शेवटापर्यंत पोचले. मग खरा खेळ सुरू केला तर पुन्हा 30 टक्के! कारण माझ्या टॅबवर सरावात लेव्हलचं मूळ गाणंच वाजत नव्हतं, दुसरंच वाजत होतं. माझ्या बोटांना जागा पाठ झाल्या होत्या, ताल नव्हता. पूजेची अष्टकं पुस्तकात बघून म्हणणारीला पुस्तक नसलं की होतं ना, अगदी तसं. मग मी पद्धत बदलली. सरावात फक्त अवघड जागा ओळखून यायची, आणि उड्या बसवायच्या त्या मूळ गाण्यावरच.

शेजारी बसल्यावर

रोज पाच ते साडेपाच आमचा वर्ग भरायचा. मी खेळायची, तो शेजारी बसून प्रयत्न मोजायचा. दोघांची नजर पडद्यावर.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मी विमानाच्या पुढे छान निघाले होते. तो सहज बोलावं तसं बोलला, "आजी, नव्या शाळेत डब्याच्या सुट्टीत माझ्याशी कोणी बोलत नाही."

मी बोट हलवत राहिले. का कोण जाणे, पण त्याच्याकडे बघायचं नाही एवढं कळलं.

"पहिल्या आठवड्यात माझ्या डब्यात कच्च्या केळ्याची भाजी बघून चिडवलं. बटाटा का नाही, कांदा का नाही. मग मी एकटाच बसतो. पण संध्याकाळी गेममध्ये टीम लागते ना, तेव्हा बोलतात. मी चांगला खेळतो. म्हणून बोलतात."

मी फुटले. चौकोन म्हणजे. 58 टक्क्यांवर.

मैत्रिणींनो, ज्या दाराबाहेर बसून मी गोळ्या मोजत होते, त्या दाराच्या आत माझा नातू मित्र शोधत होता. आणि मी त्याला यशोधराची गोष्ट सांगून गप्प बसवलं होतं. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून मी त्याला रोज विचारत होते, "शाळा कशी आहे?" उत्तर रोज एकच, "बरी." खरं उत्तर आलं ते शेजारी बसल्यावर, मी शिकणारी आणि तो शिकवणारा झाल्यावर.

त्याला विचारून मी सूनबाईंच्या कानावर घातलं. त्यांना रडू आलं. मग आम्ही दोघींनी ठरवलं आणि एका रविवारी त्यातल्या तिघांना घरी बोलावलं. बटाटा न घालता, कच्ची केळी आणि वाटाणे घालून पावभाजी केली. चिडवणाऱ्यानंच तीनदा घेतली. नंतर नातवानं जरा लाजतच सांगितलं, "माझी आजी जॉमेट्री डॅश खेळते." पोरांचा विश्वास बसेना. मी त्यांच्यापुढे बसले, आणि घाबरून पहिल्याच काट्याला फुटले. अशी हसली कार्टी! पण मग चौघं माझ्याभोवती बसून "आजी आता", "आजी थांबा" करत राहिली. सोमवारी नातू डबा रिकामा घेऊन आला.

माझंही चुकलं

आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवं. हे सगळं अनर्थदंडात बसत नाही का? ज्यातून काही साधत नाही अशी कृती म्हणजे प्रमादचर्याच की. मारण्याचे गेम अपध्यान म्हणून वाईट, मग उड्यांचे गेम पुण्याचे झाले का?

नाही झाले. मी तसा दावा करत नाही. उलट माझं काय झालं ते सांगते. श्रावणातच एका संध्याकाळी वर्ग संपल्यावर नातू खाली खेळायला गेला, आणि मी "आता एकदाच" म्हणत बसले. 74, 71, 79 टक्के. तिथे एका जागी तीन काटे लागोपाठ आहेत. अगदी काठावर जाऊन उडी मारावी लागते, जरा आधी मारली की संपलं. मान वर केली तेव्हा खिडकीत अंधार होता. त्या दिवसांत पुण्यात सूर्यास्त सातच्या आत-बाहेर होत होता. घड्याळात सव्वासात. जेवण राहिलं, पाणी राहिलं, सामायिकाची वेळही गेली. चाळीस वर्षं पाळलेला नियम मोडू नये म्हणून तशीच झोपले. उपाशी राहण्याचं काही वाटलं नाही. आपण जागे नव्हतो, याचं वाटलं.

सकाळी नातवाला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "आई मला ओरडते तेव्हा मलाही असंच होतं. वेळ कळतच नाही." म्हणजे तोही मुद्दाम ऐकत नव्हता असं नाही.

मग मी भोगोपभोग परिमाण केलं. दिवसाला 20 प्रयत्न, एकविसावा नाही. वहीनं तेच सांगितलं होतं, पण नियम घेतल्याशिवाय ते पाळता आलं नाही. मोजायचं काम नातवाकडे. गंमत म्हणजे विसांचीच मुभा आहे म्हटल्यावर प्रत्येक प्रयत्न मी मन लावून करायला लागले. आणि त्यानं आपण होऊन स्वतःलाही मर्यादा घातली, रोज एक तास. मी सांगितली असती तर घातली नसती.

दशलक्षणाच्या दहा दिवसांत टॅब कपाटात. एकासन, पूजा, दुपारी तत्त्वार्थसूत्राचं वाचन. अनंत चतुर्दशी झाली आणि क्षमावाणीच्या दिवशी मी आधी नातवापुढे जाऊन हात जोडले. "तुझं ऐकून न घेता त्या दिवशी तुला बोलले. क्षमा कर." तो इतका गोंधळला की "ओके" म्हणाला. मग थोड्या वेळानं स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "मच्छरवालं मी मुद्दाम बोललो होतो. सॉरी." मी म्हटलं, "ते मात्र तू बरोबरच बोलला होतास." आता त्या घरात खिडक्यांना जाळ्या बसवल्या आहेत, मशीन बंद.

दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर मला वाटलं होतं बोटं सगळं विसरली असतील. पहिल्याच बैठकीत 83 टक्के. आणि चौथ्या दिवशी, वहीप्रमाणे एकूण 412 व्या प्रयत्नाला, तीन काटे गेले, शेवटचं विमानही गेलं, आणि पडद्यावर "लेव्हल कम्प्लीट" आलं. नातवानं ओरडून सोसायटी गोळा केली. सूनबाई कुबडी घेऊन नाचायच्या बेतात होत्या. सांगलीला फोन लावला तर हे म्हणाले, "अगं, पण बक्षीस काय मिळालं?" मी म्हटलं, "दुसरी लेव्हल."

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

टॅब किंवा फोन हातात धरू नका, चौरंगावर किंवा टेबलावर ठेवा. मान आणि मनगट दोन्ही वाचतं. बोट एकच वापरा. आवाज चालूच हवा, पण बिनतारी इअरफोन नकोत. त्यात आवाज किंचित उशिरा पोचतो आणि ताल चुकतो. वायरचे घ्या, नाहीतर सरळ स्पीकर. या गेमची फुकट आवृत्तीही आहे, पण तिच्यात मध्ये मध्ये जाहिराती येतात. थोडे पैसे भरून पूर्ण घेतला की त्या नसतात. मात्र पूर्ण गेममध्ये जगभरच्या लोकांनी बनवलेल्या असंख्य लेव्हल असतात, काही भयंकर अवघड. तिकडे जाऊ नका, सुरुवातीच्या क्रमानंच चला. दुसऱ्या लेव्हलपासून पिवळ्या पाट्या येतात, त्यांवर चौकोन गेला की आपोआप उंच उडतो. तिसरीत हवेत पिवळी वर्तुळं असतात, तिथे हवेतच बोट टेकवायचं. चौथीत तर सगळं उलटं होतं, चौकोन छतावरून चालतो. एकेक नवी गोष्ट एकेका लेव्हलला, पाकशास्त्राच्या पुस्तकासारखी.

नजर चौकोनावर ठेवू नका, दोन बोटं पुढे ठेवा. पडद्यावर रंग आणि उजेड सारखे चमकतात, त्यामुळे ज्यांना फिट येते किंवा अर्धशिशी आहे त्यांनी हा गेम टाळावा.

एवढी घाई नको असेल तर 140 नावाचा एक गेम आहे, कॉम्प्युटरवरचा. येप्पे कार्लसन या डॅनिश माणसानं 2013 मध्ये काढलेला. मिनिटाला 140 ठोके, म्हणून ते नाव. त्यात आपण आपल्या मनानं डावीकडे-उजवीकडे जाऊ शकतो, थांबू शकतो. फळ्या मात्र तालावर हलतात. उभं राहून चार ठोके ऐकायचे आणि मग पाऊल टाकायचं. दोरीत शिरायला घाबरणाऱ्या मुलींसाठी हा बरा. पुढे तोही अवघड होतो, पण सुरुवात शांत आहे.

आणि नातवानं सांगितलेली एक जुनी गोष्ट. 1999 मध्ये जपानमध्ये व्हिब रिबन नावाचा गेम निघाला होता. त्यात आपल्याकडची गाण्याची कोणतीही सीडी घालायची, आणि त्या गाण्यावरून गेम स्वतःच अडथळ्यांची वाट तयार करायचा. त्यात एक ससा चालतो. चुका झाल्या की सशाचा बेडूक होतो, आणखी चुका झाल्या की किडा. आणि नीट तालात चाललं की पुन्हा वर चढतो. नातू म्हणाला, "आजी, हे तुझ्या गतींसारखंच आहे की." मी म्हटलं, "बेडूक पंचेंद्रिय, किडा बेइंद्रिय. बरोबर खाली उतरतोय." दोघंही खूप हसलो. यशोधराच्या गोष्टीनं जे झालं नाही ते त्या सशानं केलं. रात्री त्यानं मला आपण होऊन विचारलं, "त्या मोराचं पुढे काय झालं?" मग मी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. हळू आवाजात.

बंदुकीचा गेम बंद झाला का, असं विचाराल. नाही झाला. कमी झाला आहे, आणि दार आता उघडं असतं. मला तेवढं पुरतं. बाकीचं त्याचं त्याला वाटेल तेव्हा.

दसऱ्याआधी मी सांगलीला परत आले. हे दुकानातून येईपर्यंत माझे वीस प्रयत्न उरकलेले असतात. दर रविवारी नातवाचा फोन येतो. पहिला प्रश्न, "किती टक्के?" दुसऱ्या लेव्हलला सध्या 61 आहे. मग तो शाळेचं सांगतो. न विचारता.

जय जिनेंद्र.